साखी कशी वाचावी: पहिल्या शिखांच्या कथा नव्याने वाचणाऱ्यांसाठी

एका भाकरीतून दूध आणि दुसरीतून रक्त, प्रवाशांना विहिरीत ढकलणारा ठग, चुलीतल्या काटक्या बघून मरणाचा विचार करणारं पोर. गुरू नानकांभोवती जमलेल्या पहिल्या शिखांच्या या कथा आपल्या कानावर तुकड्यातुकड्यांनी आलेल्या असतात. पंजाबीत त्यांना ‘साखी’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘साक्ष’चाच भाऊ आहे. कबीरांची दोन ओळींची साखी किंवा नाट्यपदातली साकी यांच्याशी त्याची गल्लत करू नका. गुरू नानकांच्या (1469–1539) आयुष्यातल्या अशा साख्या एकत्र गुंफल्या की जनमसाखी तयार होते.

साखी वाचायला अवघड नाही, पण एकटी वाचली तर हातात अर्धीच येते. जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची साखी एका शबदाच्या खुंटीला टांगलेली असते. शबद म्हणजे गुरूंचं पद. ते काढून घेतलं की उरते एक सुधारलेल्या माणसाची किंवा चमत्काराची गोष्ट, आणि तशा गोष्टी सगळ्याच धर्मांत आहेत. साखीवरून शबदाकडे जायचं आणि शबद वाचून पुन्हा साखीकडे यायचं, ही ये-जा कशी करायची ते पुढे सांगितलं आहे. एका साखीला तासाभराच्या चार-पाच बैठका धरा. पहिलीला जास्त लागतील.

हाताशी काय हवं

गुरू ग्रंथ साहिबचा देवनागरी लिप्यंतर असलेला पाठ आधी मिळवा. तो छापील मिळतो आणि मोबाइलवरच्या गुरबाणीच्या, म्हणजे गुरूंच्या पदांच्या, ॲपमध्येही असतो. प्रमाण प्रतीची 1430 पानं आहेत. त्यांना ‘पान’ न म्हणता आदराने ‘अंग’ म्हणतात. प्रमाण प्रतींमध्ये अंगाचा आकडा बदलत नाही, म्हणून टिपणात नेहमी अंग लिहा. पदाच्या डोक्यावर ‘महला 1’ असेल तर ते गुरू नानकांचं, ‘महला 2’ असेल तर गुरू अंगदांचं, याप्रमाणे पुढे.

दुसरं पुस्तक भाई गुरदासांच्या वारांचं. वार म्हणजे कडव्यांचं दीर्घ काव्य. 1604 साली आदिग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबचं पहिलं रूप, सिद्ध झाला तेव्हा लेखणी यांच्या हातात होती. त्यांच्या 40 वारांपैकी तुमच्या कामाच्या दोन: पहिली आणि अकरावी. काही पुस्तकांत 41वी वारही छापलेली असते. ती पुढच्या काळातल्या दुसऱ्या गुरदासांची आहे, तिच्यातला मजकूर या भाई गुरदासांच्या नावावर टाकू नका.

तिसरी एक जनमसाखी. सुरुवातीला ‘पुरातन’ घ्या. ती आटोपशीर आहे, आणि तिच्यात शबद आणि प्रसंग जवळजवळ येतात. तिची एक प्रत लंडनच्या ग्रंथालयात होती म्हणून तिला ‘वलायतवाली’, म्हणजे विलायतेतली, असंही म्हणतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या: या कथा गुरू ग्रंथ साहिबात शोधू नका. तिथे पदं आहेत, चरित्र नाही. ‘ग्रंथात लिहिलंय की भाकरीतून रक्त आलं’ हे वाक्य नवख्यांच्या तोंडून सर्रास येतं आणि जाणकार श्रोता तिथेच कान बंद करतो.

देवनागरीत गुरबाणी वाचताना आपली जीभ एका ठिकाणी हमखास अडखळते. ‘उजलु’, ‘मसु’, ‘नालि’ अशा शब्दांच्या शेवटचे ऱ्हस्व उकार-इकार व्याकरणाच्या खुणा असतात. साधारणपणे ते उच्चारत नाहीत. ‘उजल’, ‘मस’, ‘नाल’ असं वाचा. मात्र लिहून घेताना ते गाळू नका, कारण अर्थ लावताना त्यांचा उपयोग होतो.

आपले वाटणारे परके शब्द

काही शब्द मराठी कानाला इतके ओळखीचे लागतात की अर्थ बघायचं सुचतच नाही. ‘उदासी’ म्हणजे खिन्नता नव्हे. गुरू नानकांच्या लांबच्या प्रवासांना उदासी म्हणतात, त्यामुळे ‘पहिली उदासी’ म्हणजे पहिला मोठा प्रवास. ‘धरमसाल’ म्हणजे आपली उतरायची धर्मशाळा नव्हे. शिखांनी एकत्र बसून कीर्तन करायची जागा, आजच्या गुरुद्वाऱ्याचं जुनं नाव. साखीच्या शेवटी ‘तिथे धरमसाल बांधली’ असं येतं तेव्हा मराठीत ‘यात्रेकरूंची सोय केली’ असं उतरवलं तर कथेचा शेवटच हरवतो. ‘पाहुल’ म्हणजे दीक्षेचं जल. 1699 पर्यंत चरण-पाहुल, म्हणजे चरणामृत, होतं. त्या वर्षीच्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खांड्याने ढवळलेलं पाहुल सुरू केलं. म्हणून गुरू नानकांच्या काळातल्या साखीत कुणी केस राखून ‘सिंग’ झाल्याचं लिहू नका. त्या काळच्या शिखाला पाच ककार (केस, कंगा, कडं, कच्छा, किरपाण) लावले की गोष्ट दोनशे वर्षं पुढे जाते.

पहिली पायरी: माणूस पक्का करा

साखीत ज्याचं नाव आहे तो माणूस जुन्या यादीत आहे का ते आधी बघा. यादी आहे ती भाई गुरदासांच्या अकराव्या वारेत. 13व्या आणि 14व्या पउडीत (पउडी म्हणजे वारेतलं कडवं) गुरू नानकांच्या शिखांची नावं येतात: तारू पोपट, मूला कीड, रबाब वाजवणारा मर्दाना मिरासी, दौलतखान लोदी, मालो आणि मांगो, मालसिहांचा भगीरथ, बुड्ढा. एकेका नावाला जेमतेम अर्धी ओळ मिळते, पण तेवढीही मोलाची आहे. मिरासी गवई, लोदी सरदार, खत्री आणि जाट लागोपाठच्या दोन कडव्यांत शेजारी बसलेले दिसतात. पहिल्या शिखांचा मेळा कसा होता हे कळायला दुसरं काही वाचायची गरज पडत नाही.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, सारखी नावं. ‘मूला’ हेच घ्या. यादीतला मूला कीड एक. सियालकोटचा मूला दुसरा: गुरूंनी प्रवासातल्या सोबती मर्दान्याला एका पैशाचं खरं आणि एका पैशाचं खोटं विकत आणायला धाडलं, तेव्हा ‘मरणं खरं, जगणं खोटं’ असं लिहून देणारा दुकानदार. आणि बटाल्याचे मूला चोणा तिसरे, म्हणजे माता सुलखणींचे वडील, गुरू नानकांचे सासरे. नुसतं ‘मूला’ लिहून ठेवलं तर महिन्याभराने तुमचं तुम्हालाच उमगणार नाही. नावापुढे गाव, जात किंवा धंदा लगेच जोडा.

दुसरं, एकच गोष्ट दोन माणसांच्या नावावर. एक मुलगा गुरूंकडे येतो. एवढ्या लहान वयात हे कुठून सुचलं, असं गुरू विचारतात. तो म्हणतो, आई चूल पेटवते तेव्हा बारीक काटक्या आधी जळतात, मोठी लाकडं मागाहून. मलाही मरण आधीच गाठेल याची भीती वाटते. ही साखी तारू पोपटाचीही सांगतात आणि बाबा बुड्ढांचीही. कथ्थूनंगलचे बाबा बुड्ढा (1506–1631) यांचं बालपणीचं नाव बूडा. हे पोर म्हाताऱ्यासारखं बोलतं म्हणून गुरूंनी त्यांना बुड्ढा म्हटलं. त्यांच्या साखीत काही ठिकाणी काटक्यांऐवजी पठाण येतात, उभं पीक कापून नेताना पिकलेलं-कोवळं न बघणारे. अशा वेळी खरा मुलगा कोणता हे ठरवायला बसू नका. दोन्ही नावांखाली नोंद करा आणि ‘दृष्टांत सामाईक’ असं लिहा. सांगताना मात्र एकाच नावाने सांगा. मिसळ केली की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

दुसरी पायरी: शबद शोधा आणि पूर्ण वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उदाहरणाला सज्जन ठगाची साखी घेऊ, कारण तिच्यात खुंटी अगदी उघडी दिसते.

साखी थोडक्यात अशी. मुलतानच्या बाजूला, तुलंब्याजवळ, शेख सज्जन नावाचा माणूस वाटसरूंसाठी जागा चालवायचा. हिंदूंसाठी देऊळ, मुसलमानांसाठी मशीद, दोन्हींची सोय. रात्री पाहुणा झोपला की त्याला मारून विहिरीत टाकायचं आणि सकाळी हातात काठी आणि माळ घेऊन बाहेर बसायचं. गुरू नानक आणि मर्दाना उतरतात. झोपायची वेळ झाली, असं सज्जन सुचवतो. गुरू म्हणतात, देवाच्या बंदगीचा एक शबद म्हणतो, मग झोपतो. मर्दाना रबाब छेडतो. शबद ऐकता ऐकता सज्जन पाया पडतो.

हा शबद अंग 729 वर आहे. राग सूही, महला 1. सुरुवात अशी: ‘उजलु कैहा चिलकणा घोटिम कालड़ी मसु।’ ॲपमध्ये शोधताना संपूर्ण ओळ टंकू नका, शब्दांची पहिली अक्षरंच टाका: उ क च घ क म. जोडाक्षरं आणि मात्रा चुकल्या की पूर्ण ओळीचा शोध फसतो, पहिल्या अक्षरांचा सहसा फसत नाही.

आता शबद सावकाश वाचा. कांसं उजळ आणि लखलखीत, पण घोटलं तर बोटांना काळी मस लागते. शंभरदा धुतलं तरी त्याचं उष्टेपण जात नाही. पुढे ‘रहाउ’ येतो, आपल्या ध्रुपदासारखा: ‘सजण सेई नालि मै चलदिआ नालि चलंन्हि।’ सज्जन तेच, जे मी निघालो की माझ्यासोबत निघतात, आणि जिथे हिशेब मागितला जातो तिथे उभे असतात. ठगाचं नाव ध्रुपदात आहे. साखी आणि शबद यांची गाठ बसली आहे ती इथे.

पुढच्या कडव्यांत चित्रामागून चित्र येतं. बाहेरून रंगवलेल्या माड्या, आतून रिकाम्या. तीर्थात उभे असलेले पांढऱ्या वस्त्रांचे बगळे, जे जीव घोटून घोटून खातात, त्यांना पांढरं कसं म्हणावं? मग सिंमलाचं झाड, म्हणजे आपली काटेसावर: उंच, लाल फुलांनी डवरलेली, आणि आशेने आलेल्या पाखराला चोचीत येतो तो कापूस. नंतरची ओळ तर मराठीच वाटावी अशी आहे: ‘अंधुलै भारु उठाइआ डूगर वाट बहुतु।’ आंधळ्याने भार उचलला आहे आणि डोंगरवाट फार लांबची आहे.

काटेसावरीच्या कडव्यात एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा: ‘मै’. सिंमलाचं झाड म्हणजे *माझं* शरीर, ते गुण *माझ्या* अंगात आहेत. गुरू ठगाकडे बोट दाखवत नाहीत. पद पहिल्या पुरुषात आहे, आणि ऐकणारा त्यात स्वतःला ओळखतो. मराठीत ही साखी सांगताना बहुतेक वेळा गुरू सज्जनाला दरडावतात, ‘तू पापी आहेस’ म्हणतात. शबद वाचला नाही की ही चूक होणारच. साखीचं सगळं बळ त्या ‘मै’मध्ये आहे आणि दरडावणीत ते उरत नाही.

कधी शबद उलट दिशेने चकवतो. भाई लालोंची साखी घ्या. सैदपूरचे (आजचं एमनाबाद) सुतार लालो. गुरू त्यांच्या घरी कोद्र्याची भाकरी खातात आणि श्रीमंत अधिकारी मलिक भागोच्या मेजवानीला जात नाहीत. बोलावून जाब विचारल्यावर एका मुठीत लालोंची भाकरी, दुसऱ्या मुठीत मलिकाची पुरी घेऊन पिळतात, तेव्हा एकीतून दूध गळतं आणि दुसरीतून रक्त. कोद्रा म्हणजे कोकणातल्या हरकाच्या जातीचं भरड धान्य. ‘ज्वारीची भाकरी’ असं मराठीकरण करू नका, पोत जातो.

या साखीला जोडतात तो शबद अंग 722 वर सुरू होतो, राग तिलंग, आणि ‘वे लालो’ ही त्यातली हाक. तो उघडून नवखा वाचक भाकरी शोधू लागतो. भाकरी तिथे नाही. तिथे आहे बाबर: ‘पाप की जंञ लै काबलहु धाइआ जोरी मंगै दानु वे लालो।’ पापाचं वऱ्हाड घेऊन तो काबूलहून धावत आला आणि जबरदस्तीने कन्यादान मागतोय, रे लालो. लाज आणि धर्म दोघे लपून बसले, खोटं पुढारी होऊन मिरवतं आहे. हे पद 1520-21च्या सुमारास सैदपूर लुटलं गेलं त्या काळाचं. म्हणजे पदाने लालोंचं नाव दिलं, आणि भाकरीची गोष्ट परंपरेने त्या नावाभोवती वाढवली. दोन्ही ठेवा, पण टिपणात वेगवेगळ्या रकान्यात.

तिसरी पायरी: कोणाची परंपरा?

सगळ्या जनमसाख्या एका घरच्या नाहीत. ‘पुरातन’बद्दल वर आलंच. ‘मिहरबान’ परंपरा प्रिथीचंदांच्या मुलाच्या नावाची. हे प्रिथीचंद पाचवे गुरू अर्जनदेवांचे थोरले भाऊ, गुरुपदावरून वेगळे झालेले. तिच्यात प्रसंग कमी आणि निरूपण भरपूर, एका पदावर पानंच्या पानं. ‘बाला’ परंपरा भाई बाला यांच्या तोंडून, गुरू अंगदांसमोर सांगितल्यासारखी मांडलेली आहे. तिची माहीत असलेली सर्वांत जुनी तारीखवार प्रत 1658ची. लोकांत सर्वांत जास्त फिरली ती हीच. बाजारातल्या तसबिरीत गुरूंच्या एका बाजूला मर्दाना आणि दुसऱ्या बाजूला बाला दिसतात ते तिच्यामुळे. पण भाई गुरदासांच्या यादीत मर्दाना आहे, बाला नाही, आणि या परंपरेच्या जुन्या प्रतींत हिंदाल यांच्या वेगळ्या पंथाने घातलेला मजकूरही सापडतो. म्हणून बाला परंपरेतली साखी टाकून द्यायची नाही, तिच्यापुढे ‘बाला’ असं लिहायचं. भाकरीतल्या दूध-रक्ताची गोष्ट मुख्यतः तिथलीच.

जन्मतिथीचाही गोंधळ इथूनच येतो. ‘पुरातन’ वैशाख सांगते, ‘बाला’ कार्तिक. सण कार्तिकी पौर्णिमेला होतो. दोन पुस्तकांत दोन महिने दिसले तर छपाईची चूक समजून खोडू नका.

चित्रांतून शिकणाऱ्यांसाठी जनमसाखीची 1733ची एक सचित्र प्रत आहे, अभ्यासक तिला ‘बी-40’ म्हणतात. आलमचंद राज या चित्रकाराची 57 चित्रं तिच्यात आहेत. त्यांत मर्दाना शोधायचा तर चेहरा बघू नका, रबाब बघा.

चौथी पायरी: नेमकं काय बदललं ते लिहा

‘धर्मांतर’ हा शब्द या साख्यांवर घट्ट बसत नाही. आपल्या मनात त्याबरोबर नाव बदलणं, विधी, जुन्या समाजातून बाहेर पडणं असं बरंच काही येतं. साखी असं काही सांगत नाही. ती म्हणते ‘पैरीं पइआ’, ‘गुरु गुरु लगा जपण’: पाया पडला, गुरू गुरू जपू लागला. मर्दाना मुसलमान मिरासी होता आणि नावाने मर्दानाच राहिला. म्हणून ‘शीख झाला’ एवढ्यावर न थांबता तीन गोष्टी टिपा: काय सोडलं, काय धरलं, मागे काय उभं राहिलं.

सज्जनाचं बघा. ‘पुरातन’मध्ये तो पाया पडल्यावर गुरू आधी विचारतात ते किती खून केलेस. खरं बोलून सगळं कबूल करायचं, मग लुटलेला माल बाहेर आणून देवाच्या नावाने वाटून टाकायचा. आणि तिथे पहिली धरमसाल झाली. क्रम नीट पाहा: कबुली, परतफेड, मग संगत बसायची जागा. सांगणारे मधलं गाळतात आणि ठग एका गाण्याने साधू होतो. मूळ साखीत इतक्या स्वस्तात काही मिळत नाही.

लहणांच्या साखीत बदल वेगळ्या प्रकारचा आहे. खडूरचे लहणा (जन्म 1504) देवीचे भक्त, ज्वालामुखीच्या यात्रेला संघ घेऊन जाणारे. खडूरमध्ये भाई जोधांच्या तोंडून त्यांनी गुरू नानकांची बाणी, म्हणजे पदं, ऐकली आणि गुरू राहत होते त्या कर्तारपूरला गेले. नाव ऐकून गुरू म्हणतात, तुझं लहणं आहे, आमचं देणं आहे. ‘लहणा’ म्हणजे घेणं, येणं बाकी. मराठीत हा श्लेष सहज बसतो, ‘देणं-घेणं’ वापरा. पुढे ओल्या गवताचे भारे उचलून नेताना चांगल्या कपड्यांवर चिखल ओघळतो. माता सुलखणी हळहळतात, तर गुरू म्हणतात, हा चिखल नाही, केशर आहे. 1539 मध्ये हेच लहणा गुरू अंगद झाले, गुरूंच्याच अंगातले. इथे सोडलं काय? वाईट काहीच नाही. भक्ती आधीही होती. साखी ठग आणि भक्त यांना एकाच मापाने मोजत नाही, आणि तुम्हीही मोजू नका.

आणखी एक धागा बघा. लहणांनी शबद आधी ऐकला, गुरू नंतर भेटले. पुढे तिसरे गुरू झालेल्या अमरदासांचंही (1479–1574) तसंच. वर्षानुवर्षं गंगेला जाणारे वैष्णव, उतारवयात पुतण्याच्या बायकोच्या, बीबी अमरोंच्या, तोंडून पहाटे बाणी ऐकतात आणि थबकतात. बीबी अमरो गुरू अंगदांच्या कन्या. घरात म्हणणारी सून आणि गावात म्हणणारे जोधा यांनी हा पंथ वाढवला. टिपणात ‘शबद कोणी ऐकवला?’ असा रकाना ठेवा. त्यात बायकांची नावं दिसू लागतील, जी गोष्टीच्या सारांशात गळून पडतात.

चमत्काराचं काय करायचं

चमत्कार खोटा म्हणून कापायचाही नाही आणि बातमी म्हणून छापायचाही नाही. तो कथेत कुठल्या जागी आला ते बघा. महिपतींचं ‘भक्तविजय’ वाचणाऱ्याला हे नवं नाही. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, ही कथा वाचताना आपण दगड मोजत बसत नाही. (नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांच्या पदातही येतो, तेव्हा हा शेजार उसना नाही.)

भाई मंझांची साखी या दृष्टीने घ्या. ते सखी सरवर या पिराचे पुढारी भक्त. गुरू अर्जनदेवांकडे आले आणि लंगरसाठी सरपण आणू लागले. एका वादळात मोळीसकट विहिरीत पडले. दोर आला तेव्हा आतून म्हणाले, आधी लाकडं वर घ्या, लंगरची आहेत, भिजता कामा नयेत. या साखीत चमत्कार नाहीच, आणि ती चमत्कारांच्या साख्यांइतकीच टिकली. नव्या माणसाने अशा साख्या आधी वाचाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे.

मराठीत सांगताना

आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगाला आख्यान. साखीत क्रम उलटा: आधी आख्यान, शेवटी पद. शबद शेवटून दुसऱ्या टप्प्यावर येऊ द्या आणि त्यानंतर फक्त बदल सांगा. पंधरा मिनिटं असतील तर जवळजवळ निम्मी भेटीआधीच्या माणसाला द्या. तो ठग किंवा तो यात्रेकरू डोळ्यांपुढे उभा राहिला नाही तर शबद कोणावर पडणार? शबदाची दोन कडवी पुरेत, मूळ पंजाबीत सावकाश, मग मराठी अर्थ. पद्यात भाषांतर करायचा मोह आवरा. यमकापायी ‘मै’सारखे शब्द पहिले बळी जातात.

नावं: भाई मर्दाना, भाई लालो, बीबी अमरो, थोरल्या बहिणीसाठी बेबे नानकी. साख्यांत गुरूंना बहुधा ‘बाबा’ म्हटलेलं असतं, मराठीत तेही गोड लागतं, क्रियापद मात्र आदरार्थी. मर्दान्याला ‘नोकर’ म्हणू नका. गुरू ग्रंथ साहिबात अंग 553 वर ‘सलोक मर्दाना 1’ असं शीर्षक आहे, म्हणजे त्यांचं नाव थेट ग्रंथात आहे.

शाळेत किंवा गणेशोत्सवात नाट्यप्रवेश करायचा असेल तर गुरूंची भूमिका कोणालाही देऊ नका. गुरूंचं सोंग घेणं शीख समाजाला मान्य नाही आणि या एका चुकीने चांगल्या हेतूचा कार्यक्रम भांडणात संपतो. सज्जन, मूला, लहणा रंगमंचावर असू द्या, गुरूंचे शब्द निवेदकाने वाचावेत, आणि बाजूला एखादं तंतुवाद्य. सादरीकरणाआधी जवळच्या गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथींना, म्हणजे ग्रंथपाठ करणाऱ्यांना, संहिता दाखवा. डोकं झाकून, चपला बाहेर काढून जा आणि कीर्तन संपेपर्यंत थांबा. त्यानंतरच्या कथेत अशीच एखादी साखी ऐकायला मिळण्याची शक्यता असते.

नांदेडची साखी वेगळी वाचावी लागते

मराठी वाचक बरेचदा सुरुवात इथूनच करतो, आणि ते स्वाभाविक आहे. 1708 मध्ये गोदेकाठी माधोदास नावाचा बैरागी राहत होता. जन्म 1670चा, राजौरीकडचा, मूळ नाव लछमनदेव. गुरू गोविंदसिंग त्याच्या मठात जाऊन त्याच्याच पलंगावर बसले. माधोदासाने आपल्या सिद्धीने पलंग उलथायचा प्रयत्न केला, पण पलंग हलला नाही. ‘कोण आहेस?’ या प्रश्नाला शेवटी उत्तर आलं, ‘तुमचा बंदा.’ तेच पुढे बंदासिंग बहादूर.

ही जनमसाखीतली साखी नाही आणि तिला शबदाची खुंटी नाही. त्यामुळे दुसरी पायरी इथे लागू पडत नाही. तिची पडताळणी पुढच्या घटनांवरून करायची: त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला नांदेडलाच गुरू ज्योतीजोत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, बंदासिंग पंजाबकडे निघाले, 1710 मध्ये सरहिंद घेतलं, 1716 मध्ये दिल्लीत त्यांना मारलं गेलं. पलंग हलला की नाही हे इतिहास सांगत नाही, बैराग्याचा सेनानी झाला हे मात्र सांगतो. नांदेडला गेलात तर सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाबरोबर बंदा घाटही बघा.

पाच प्याऱ्यांकडेही, म्हणजे 1699 मध्ये खांड्याचं पाहुल पहिल्यांदा घेणाऱ्या पाच जणांकडेही, याच नजरेने वळता येईल. परंपरेने त्यांतले भाई साहिबसिंग बिदरचे नाभिक, भाई मोहकमसिंग द्वारकेचे छिंबा, म्हणजे आपल्याकडच्या शिंप्यांच्या व्यवसायबंधूंतले, भाई हिंमतसिंग जगन्नाथपुरीचे पाणी भरणारे. पण तिथे विधी, नाव, वेश सगळंच बदलतं, म्हणून चौथ्या पायरीचे रकाने नव्याने आखावे लागतात.

वाचनाचा क्रम असा ठेवा: सज्जन, सियालकोटचा मूला, लहणा, अमरदास, मंझ, मग लालो, आणि शेवटी बंदासिंग. लालोंना मागे ठेवलंय ते भाकरी आणि बाबर वेगळे करायची सवय आधी अंगात मुरावी म्हणून. मूल्यासाठी अंग 1412 उघडा. तिथल्या ओळीत त्याचं नाव आहे: ‘मरणु न जापै मूलिआ आवै कितै थाइ।’ मरण कुठे येईल ते कळत नाही, मूल्या. ‘मरणं खरं’ असं लिहून देणाऱ्यालाच हे का ऐकावं लागलं, ते ‘पुरातन’मधल्या दुसऱ्या भेटीच्या साखीत वाचा. ती वाचताना त्याच्या बायकोवर लक्ष ठेवा.